श्रीखंडाच्या डब्यातला डोंगर

कुंदामावशींच्या फ्रिजमधला श्रीखंडाचा डबा विचारल्याशिवाय उघडायचा नाही, हे कार्डिफमधल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक होतं. नागपूरहून नव्याने आलेल्या एका डॉक्टरांनी तो गणपतीच्या दिवशी उघडला. आत मेंढ्यांच्या लेंड्या. "अहो, खालचा कप्पा माझ्या पेशंट्सचा," मावशी शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही वरचा डबा घ्या."

मावशी माझ्या आईची मैत्रीण. हॉस्पिटलमधून पॅथॉलॉजिस्ट म्हणून निवृत्त झाल्यावर त्या वेल्सच्या एका डोंगरावरच्या रानटी मेंढ्यांच्या मागे लागल्या. या मेंढ्यांना ना मालक, ना कुंपण. काय चरल्या, पोटात जंत आहेत का, हे मावशी लेंडी तपासून सांगत. कळपाच्या पुढे चालणारी, एक शिंग मोडलेली म्हातारी म्हणजे 'थोरल्या जाऊबाई'. "इथे मुलगी आईच्याच जागी चरते. घर सोडून जातात ते नवरे," मावशी म्हणायच्या. "आपल्यापेक्षा सुधारलेला समाज आहे गं!"

दोन हजार सालानंतरचा तो काळ. नव्या रस्त्यांना खडी हवी होती, आणि एका कंपनीला डोंगराचा पूर्वेकडचा उतार. मी लंडनजवळच्या स्लाऊहून पत्रकांचा गठ्ठा घेऊनच पोचले. 'डोंगर कुणाच्या बापाचा नाही!' मावशींनी चष्मा लावून वाचलं. "खरं आहे. पण यात मेंढी कुठंय? आधी मेंढी बघ, मग ओरड."

खाणीच्या परवानगीवरच्या सुनावणीत कंपनीचा माणूस गोड हसला. त्याच्या लोकांना त्या उतारावर एकही मेंढी दिसली नव्हती. मावशींनी तिथल्या लेंड्यांचे डबे टेबलावर मांडले. "डॉक्टर, डबा कुठूनही भरता येतो," तो म्हणाला. सभागृह हसलं. मी उठायला निघाले, पण मावशींनी माझा हात दाबून धरला आणि त्याला विचारलं, "तुमची माणसं तिथे कधी गेली होती?"

"हवा चांगली असताना. अर्थात!"

"मग आता वाईट हवेत चला."

सुनावणी घेणाऱ्या सरकारी निरीक्षकबाईंनी होकार दिला. ठरलेल्या सकाळी त्या माणसाने डोंगराजवळच्या आमच्या हॉटेलवर फोन केला, "डॉक्टर, फोरकास्ट भयंकर आहे." मावशी म्हणाल्या, "म्हणूनच निघतोय."

पूर्वेच्या उतारावरच्या खोलगट जागेत आम्ही पाठीला पाठ लावून बसलो. निरीक्षकबाईंच्या हातावर मावशींनी चिवडा ठेवला. समोर फक्त ओलं गवत. कंपनीचा माणूस घड्याळ बघत होता. एवढ्यात पश्चिमेचा, समुद्राकडचा वारा कडाडून सुटला. "आता येतील. हा वारा इथे लागत नाही, हे त्यांना आईनेच शिकवलंय," मावशी पुटपुटल्या.

आधी धुक्यातून मोडकं शिंग वर आलं. थोरल्या जाऊबाई! त्यांच्यामागे एकीमागून एक साऱ्या लेकी-नाती, पोटाशी कोकरं. आमच्या अंगावरून गेल्यासारख्या त्या खोलगटात उतरल्या आणि निवांत रवंथ करू लागल्या. निरीक्षकबाईंनी वळून त्या माणसाकडे फक्त पाहिलं. त्याने घड्याळ बाहीखाली सरकवलं.

परवानगी नाकारली गेली. डोंगर मेंढ्यांचाच राहिला. आज मावशी नाहीत, पण पश्चिमेचा वारा सुटला की तो कळप अजून तिथेच उतरतो.

निकालाच्या संध्याकाळी मावशींचं घर माणसांनी भरलं होतं. त्यांनी टेबलाच्या मधोमध श्रीखंडाचा डबा ठेवला. सगळे एकमेकांकडे बघू लागले. कुणी हात पुढे करेना.

"अरे, उघडा," मावशी गरजल्या. "आज जिंकलोय आपण. आज त्यात श्रीखंडच आहे!"