शनिवारचे दोन तास

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. कुणी विषय काढला की दुसरंच काही बोलायचो. म्हाताऱ्या माणसाला ते सोपं जातं, लोकांना वाटतं, विसरला असेल. पण आमच्या घरात विसरला तो दादा, माझा थोरला भाऊ. मला सगळं आठवतं.

दादा-वहिनी हडपसरला राहायचे, मी खराडीला. दादाला स्मृतिभ्रंश झालाय हे आम्हा नातेवाइकांना पटतच नव्हतं. पाहुणा आला की तो सावरून बसायचा. "अगं, चहा टाक," म्हणायचा. जिना उतरताना आम्ही एकमेकांना सांगायचो, "चांगला तर आहे की! वहिनी उगाच बाऊ करतात."

अशा माणसांना घरी सांभाळणाऱ्यांची एक बैठक शनिवारी दुपारी तिथेच एका हॉलमध्ये भरायची. वहिनी एकदा जाऊन आल्या आणि मला फोन केला.

"भाऊजी, शनिवारी दोन तास यांच्यापाशी बसाल का? तिथे कुणी मला शहाणपण शिकवत नाही हो. एका बाईच्या चपला नवऱ्याने फ्रीजमध्ये ठेवल्या म्हणे. इतक्या हसलो आम्ही!"

वहिनींचं हसणं मी कितीतरी दिवसांनी ऐकत होतो. हो म्हणालो.

काही शनिवार बसलो. पहिला अर्धा तास दादा माझा पाहुणचार करायचा. मग उठून कडी चाचपायचा. "आई वाट बघत असेल, निघतो." मी दारात आडवा उभा राहायचो. एकदा त्याने मला हात जोडले. "साहेब, जाऊ द्या ना." ज्याच्या सायकलवर पुढे बसून मी शाळेत गेलो, तो मला साहेब म्हणत होता. वहिनी परत आल्या त्या गरम भजी घेऊन. चेहरा उजळलेला. "त्रास नाही ना दिला?" "छे," मी म्हणालो.

पुढच्या शनिवारी मी फोन केला. "गुडघा धरलाय, वहिनी. रिक्षातसुद्धा चढवत नाही."

"असू दे. शेक घ्या," त्या म्हणाल्या.

गुडघ्याला काही झालं नव्हतं. मी गॅलरीत पेपर वाचत बसलो.

त्या दिवशी बैठकीत वहिनी पहिल्यांदाच स्वतःचं काही सांगणार होत्या. त्यांनी गॅस बंद केला, बाहेरून कुलूप लावलं आणि गेल्या. नेमके तेव्हाच आमचे चुलत भाऊ-भावजय मुलीच्या लग्नाच्या अक्षता द्यायला आले. आमच्याकडे अक्षता द्यायला जाताना आधी फोन करत नाहीत. दाराला कुलूप, आणि आतून दादाचा आवाज, "कुणीतरी सोडवा हो!"

लग्नात जेवायला बसलो तेव्हा ही बातमी आमच्या आधी पोचली होती. चुलत भावजय वाढता वाढता म्हणाली, "काय वहिनी, आज कुलूप घरीच ठेवलंत वाटतं?"

"आणि गेल्या कुठे होत्या, तर मीटिंगला!" पलीकडून कुणीतरी म्हणालं.

वहिनींनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. 'भाऊजी येणार होते' एवढं त्यांनी म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हटलं असतं तरीही. मी पानात बघत राहिलो.

"चुकलंच माझं," वहिनी म्हणाल्या. दादासाठी पुरीचे बारीक तुकडे केले. मग मला म्हणाल्या, "भाऊजी, जिलबी घ्या ना."

त्यानंतर त्या बैठकीला कधी गेल्या नाहीत. मला बोलावलंही नाही. त्यांचं त्या बघत असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. दादा गेला तोवर त्यांच्या घरी आमचं कुणाचं फारसं जाणं उरलं नव्हतं.

वहिनी मग मुलीकडे लोणी काळभोरला राहायला गेल्या. एकदा बसने तिथे गेलो. वाटभर वाक्य घोकत होतो. त्या अंगणात मटार सोलत बसल्या होत्या. मी टेकायच्या आत त्यांनी विचारलं, "भाऊजी, गुडघा कसा आहे आता?"

त्यांच्या आवाजात मी टोमणा शोधला. नव्हता.

"बरा आहे," मी म्हणालो.

"जपा हो," त्या म्हणाल्या, आणि थोडे मटार माझ्यापुढे सरकवले. दोघं सोलत बसलो. संध्याकाळची बस धरून मी परत आलो.

गेल्या हिवाळ्यात वहिनी गेल्या. आता मीही एकटाच असतो. शनिवारी दुपारी गॅलरीत बसलो की ते घोकलेलं वाक्य येतं, अगदी बिनचूक: वहिनी, त्या दिवशी माझा गुडघा दुखत नव्हता. मला दादाची भीती वाटली. मला माफ करा.