फडताळाची नोंद

आसाराम आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचा. नगरच्या एका कॉलेजात तो प्रयोगशाळेत शिपाई होता. मूळचा खर्ड्याचा, बौद्ध घरातला. कॉलेज सुटल्यावर तो मक्याची खळ शिजवायचा, तीत लवंगेचं तेल घालायचा आणि काचेवर पातळ ओतायचा. वाळल्यावर प्लॅस्टिकसारखा पारदर्शक पापुद्रा निघे. यात गुंडाळलेल्या खव्याला बुरशी धरणार नाही, आणि फेकलेला पापुद्रा मातीत कुजून जाईल, असं तो सांगे. दोन वर्षं तो यामागे होता. शेवटी प्रयोगशाळेचे प्राध्यापक म्हणाले, "कुणाच्या तरी घरी आठ दिवस ठेव, नोंदी आण. टिकला तर पुढे पाठवू."

एप्रिल १९९६ मध्ये तो खव्याची पुडी घेऊन दारात आला.

"काकू, थंड फडताळात ठिवा. रोज बघायचं अन् लिवायचं. तुमच्या वहीला पोस्टमनबी भितो."

"उशिरा येतो, म्हणून त्याची वेळ लिहिते," मी म्हटलं. तो हसला.

कॉन्व्हेंटमध्ये मी सगळ्यांच्या डब्यातलं खाल्लं होतं. जात मानत नाही, असं चारचौघांत सांगतही असे. पण स्वयंपाकघरातलं फडताळ उघडलं, नैवेद्याची वाटी दिसली आणि हात पुढे होईना. पुडी मी बाजूच्या पडवीत, पत्र्याखालच्या फळीवर ठेवली. दुपारी तिथे हात भाजे. वहीत लिहिलं, 'फडताळात ठेवला.'

चौथ्या दिवशी खव्यावर हिरवी बुरशी आली. तीही मी तारीखवार लिहिली.

आसारामनं पान दोनदा वाचलं. "फडताळातच हुता ना, काकू?"

"हो."

"मग माझ्याच खळीत खोट हाय." मी उंबऱ्यावर आणून ठेवलेली पुडी त्यानं उचलली आणि आभार मानून गेला. प्राध्यापकांनी तो विषय मिटवला.

दोन वर्षांनी त्याची जामखेडला बदली झाली. निघताना त्यानं त्या पानाची नक्कल मागितली.

"आता कशाला रे?"

"थंड जागंत चार दिसांत का नासला, तेवढंच शोधायचंय. तेल बदलून बघतो."

सांगायची वेळ तीच होती. तो उंबऱ्याबाहेर उभा होता, आत कधी आलाच नव्हता. मी टेबलाशी बसले आणि वळणदार अक्षरात पहिली ओळ उतरवली, 'फडताळात ठेवला.' खाली सहीही केली.

त्यानं कागद घडी करून शर्टाच्या खिशात जपून ठेवला.