अल्योशासाठी वन्स मोअर

शरदकाका गेल्याचं त्यांच्या मुलाने, निखिलने, हॉस्पिटलमधूनच फोन करून कळवलं. "डॅड इज गॉन," म्हणाला, मग हळूच विचारलं, "हू इज अल्योशा? सारखं तेच नाव घेत होते." मी जर्सी सिटीच्या फुटपाथवर होतो तिथेच उभा राहिलो. या प्रश्नाचं उत्तर माहीत असलेला अख्ख्या अमेरिकेत आता मी एकटाच उरलो होतो.

नऊ-अकराच्या हल्ल्याच्या पुढच्या वर्षी मी त्यांच्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो. काकू आधीच गेलेल्या, निखिल सिॲटलला. काका मूळचे नागपूरचे, पण इंजिनिअरिंग शिकले सोव्हिएत रशियात. रविवारी सकाळी इंडियन ग्रोसरीला जाताना ते मला गाडीत घ्यायचे आणि एक रशियन बँड लावायचे. तिकडे तो घराघरात ऐकतात म्हणे. अकॉर्डियनवर खेड्यातली चाल, मागे पलटणीसारखे एका सुरात गाणारे पुरुष आणि मध्येच दणदणीत इलेक्ट्रिक गिटार! "काका, हे गाणं आहे की सव्वीस जानेवारीची परेड?" मी म्हणायचो. "ऐक ना बे नीट! तुम्हा पुणेकरांना आधी हसायचं असते."

एका रविवारी गाडी पार्क केली तरी ते उतरेनात, तिथेच बसून सांगायला लागले. अल्योशा हा हॉस्टेलमधला त्यांचा रूममेट. काका खोलीत नाट्यगीतं म्हणायचे. अल्योशाला ओ की ठो कळायचं नाही, पण गाणं संपलं की पठ्ठ्या पलंगावर उभा राहून ओरडायचा, "वन्स मोअर!" काकांनीच शिकवलेलं. पुढे त्याला सैन्यात भरती केलं, अफगाणिस्तानात पाठवलं आणि तो परत आला नाही. बँड निघाला तो काका भारतात परतल्यावर कितीतरी वर्षांनी, पण त्यातला गाणारा थेट अल्योशाच्या आवाजात गातो, असं ते ठासून सांगायचे. "घरी कधी बोलला नाहीत?" मी विचारलं. "कोणाला सांगू? काकूला तुझ्या ही गाणी म्हणजे कवायत वाटायची. निखिलला माझं नागपूर माहीत नाही, रशिया कुठून कळणार?"

मग तो बँड ब्रुकलिनला आला. काका सूट घालून तयार, सोबतीला मी. शहीद सैनिकांसाठीचं एक गाणं लागलं की सगळं सभागृह उभं राहतं आणि संपल्यावर कुणीही टाळी वाजवत नाही, अशी तिथली रीत. "टाळी वाजवलीस तर घरी चालत येशील," काकांनी मला बजावलं होतं. गाणं संपलं. सगळे माना खाली घालून उभे... आणि माझ्या शेजारून खणखणीत आवाज आला, "वन्स मोअर!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढचा एक दांडगा गृहस्थ वळून तावातावाने काहीतरी बोलला. काकांनी रशियनमध्ये थोडक्यात उत्तर दिलं, त्यातलं अल्योशा एवढंच मला कळलं. त्या माणसाचा चेहराच उतरला. त्याने काकांना मिठी मारली आणि काका त्याच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देऊन रडले. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. परतताना ते एवढंच म्हणाले, "त्याच्यासाठी कोणीतरी म्हणायला पाहिजे होतं ना बे."

काका जाऊन आता महिना होत आला. अंत्यसंस्कारानंतर निखिल आणि मी त्यांच्याच गाडीतून परत येत होतो. हे सगळं मी त्याला सांगितलं. मग त्याने प्लेअर लावला. आत त्याच बँडची सीडी होती. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून तो ऐकत राहिला. "व्हॉट आर दे सेइंग?" त्याने विचारलं. इतके रविवार ऐकून चाली मला तोंडपाठ झाल्या होत्या, पण अर्थ एकाही ओळीचा ठाऊक नव्हता. काका शेजारीच असायचे, कधीही विचारता आलं असतं. निखिल माझ्याकडे बघत होता. वडिलांबद्दल विचारायला त्याला माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं, आणि मला काही सांगता येत नव्हतं.