बद्रियाच्या आवाजातला उन्हाळा

इराकमधल्या बसऱ्याच्या बाजारात बद्रिया मासे घ्यायला गेली की मासेवाला तराजू बाजूला ठेवून विचारायचा, "काय बाई, उद्या किती भाजणार आम्हाला?" ती म्हणायची, "भाजतो सूर्य. मी नुसती वाचते." तरी लोकांच्या मनात उकाडा आणि तिचा आवाज एकत्रच जाऊन बसले होते. शहरातल्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर ती टायपिस्ट म्हणून लागली होती. एका वर्षी निवेदकाचा घसा बसला, वेळ मारून न्यायला तिला माईकसमोर बसवलं, आणि दुपारचं हवामान तिच्याच गळ्यात पडलं. पुढे नवरा वारला, मुलगी लग्न होऊन कुवेतला गेली, हवामान तेवढं राहिलं.

त्या वर्षी जून लागता लागता सगळ्या मोसमाचा अंदाज आला. आखातापासून पार सीरियापर्यंत उन्हाळा नेहमीपेक्षा कडक जाणार, तीन महिने उतार नाही, रात्रीसुद्धा नाही. केंद्रप्रमुखांचं म्हणणं पडलं की वीज सारखी जाते म्हणून लोक आधीच चिडलेत, जरा मऊ शब्दांत सांगा. बद्रियाने आलं होतं तसंच वाचलं. खाली सूचना होत्या: दुपारी सावलीत राहा, तहान नसली तरी पाणी प्या, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना नातेवाइकांनी आपल्याकडे आणावं. ही शेवटची ओळ वाचताना तिचा आवाज किंचित अडखळला. ते कुणाला कळलं नाही.

तिचा थोरला भाऊ सदखान एकटाच राहत होता. शहराच्या दक्षिणेला अबुल खसीबमध्ये, कालव्याकाठी वडिलांची खजुराची बाग होती, तिथे. बायको गेलेली, मूलबाळ नाही. तिथेच आई असायची. तिला दम लागायला लागला तेव्हा बद्रियाने, दवाखाना जवळ पडेल म्हणून, तिला आपल्या शहरातल्या फ्लॅटवर आणलं. आई बागेचं नाव घेत राहिली आणि तो हिवाळा काही तिने काढला नाही. दुखवट्याच्या मांडवात, सगळ्यांदेखत, सदखान बहिणीला म्हणाला, "जुनं झाड कुणी उपटून दुसरीकडे लावतं का? आईला तू मारलंस." त्यानंतर भाऊ-बहीण बोलले नव्हते.

आता त्याच भावाला 'घर सोडून माझ्याकडे ये' असं कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हणून ती त्याच्या शेजारणीला फोन करायची. हाशिमची आई म्हणून तिला सगळे उम्म हाशिम म्हणत. उम्म हाशिम सांगायची की सदखान रोज दुपारी रेडिओ मोठ्याने लावतो आणि बहिणीचा आवाज आला की त्याच्याशी भांडतो. "तू उकाडा म्हणालीस की तो म्हणतो, उकाड्याशिवाय खजूर पिकणार कसा, तुझ्या फ्लॅटमध्ये?" बद्रियाला ते ऐकून बरं वाटायचं. भांडतोय, म्हणजे धडधाकट आहे.

जुलैत पारा पन्नासच्या पुढे गेला आणि तिथेच मुक्कामाला बसला. मग समुद्राकडचा ओला वारा सुटला. अंगावर उकळत्या पाण्यातून काढलेलं फडकं टाकावं तशी हवा झाली. गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याने हात पोळत होते. एका दुपारी हवामान वाचून झाल्यावर बद्रियाने नेहमीसारखा फोन लावला.

"रेडिओ चालू आहे," उम्म हाशिम म्हणाली, "पण आज तो काही बोलला नाही ग."

"जाऊन बघ. आत्ता जा," बद्रिया म्हणाली आणि पर्स उचलून रस्त्यावर आली. टॅक्सी मिळाली तशी वाटेतच बर्फाच्या कारखान्यासमोर थांबवून तिने एक अख्खी लादी गोणपाटात गुंडाळून घेतली. सीट भिजेल म्हणून ड्रायव्हर कुरकुरला. तिने कारण सांगितलं, तेव्हा त्याने गाडी अशी हाणली की तिला दाराची कडी धरून बसावं लागलं.

सदखान खजुरीखाली चटईवर कलंडला होता. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही, आणि तो आईशी काहीतरी बोलत होता. उम्म हाशिम त्याच्यावर घागरीने पाणी ओतत होती. दोघींनी बर्फ फोडून त्याच्या काखेत, मानेशी, जांघेत ठेवला. ड्रायव्हरने पाय धरले, तसाच उचलून गाडीत घातला. वाटभर बद्रिया त्याचा सदरा भिजवत राहिली आणि खिडकीतून येणाऱ्या गरम वाऱ्यालाच ओल्या अंगावर फुंकर घालू दिली.

दवाखान्यात एकेका खाटेवर दोन-दोन रुग्ण होते. सदखानला शुद्ध यायला दुसरा दिवस उजाडला. त्याने बहिणीकडे पाहिलं.

"सावलीत बसा, असं तूच म्हणालीस," तो म्हणाला. "सावलीतच बसलो होतो."

बद्रियाला हसू आलं आणि मग रडू आवरेना. भाऊ तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिला, पण तिने धरलेला हात त्याने सोडवून घेतला नाही.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं की याला एकटं ठेवू नका. सदखानचा चेहरा पडला. त्याला वाटलं, आता फ्लॅट. बद्रियाने टॅक्सी आधी आपल्या दाराशी नेली, वर जाऊन दोन बॅगा आणल्या आणि ड्रायव्हरला अबुल खसीबचा रस्ता दाखवला.

"हे काय?" सदखानने विचारलं.

"अंदाज तीन महिन्यांचा आहे, दादा. कपडेही तेवढेच घेतलेत."

कालवा दिसायला लागल्यावर तो म्हणाला, "आईच्या खोलीतला कूलर बंद आहे. दुरुस्त करावा लागेल."

त्या उन्हाळ्यात ती रोज सकाळी मिनीबसने केंद्रावर जायची आणि दुपार कलताना परत यायची; तेवढा वेळ उम्म हाशिम त्याच्यापाशी बसायची. रात्री वीज गेली की दोघं गच्चीवर ओल्या चादरी पांघरून पडायची. आईबद्दल ती फक्त एकदाच बोलली. सदखानने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तिकडे दवाखाना होता. इथे मी काय केलं असतं?" त्याहून जास्त त्याच्याकडून निघालं नाही, आणि तिनेही मागितलं नाही.

अंदाज खरा ठरला. बरेच घड झाडावरच करपले, पण जे हाती लागले ते गोड निघाले. सप्टेंबर सरता सरता एका पहाटे उत्तरेचा वारा आला, तेव्हा सदखान अंगणात लिंबाचा काळा चहा घेऊन बसला होता. बद्रिया बॅग भरताना त्याला दिसली.

"घड उतरवायचे राहिलेत," तो कपात बघत म्हणाला. "माणसं मिळत नाहीत."

तिने बॅग खाटेखाली सरकवली आणि शिडी कुठे आहे ते विचारलं.