दोन टिंबं, एक घर मागे

आमच्या शेजारच्या गुरुजींच्या थोरल्याइतका सरळ माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात नसेल, आणि त्याच्याइतकी वाकडी उत्तरं देणाराही कोणी नसेल. "गुरुजी कुठं गेलेत रं?" असं विचारलं की तो आधी आपल्यालाच विचारणार, "कुठून धरून सांगू?" मी त्याच्याच ओट्यावर, त्याच्यासमोर उभा असतो. "हितूनच धर की!" म्हटलं तर म्हणतो, "आबा, आत्ता तुमी हितं हाय. पण दोन पावलं चाललात की हितं नसणार. मग माझं उत्तर खोटं पडंल." एकदा त्याच्या आईने आतून विचारलं, मीठ कुठे ठेवलंस. हा जागचा न हलता म्हणाला, "आपलं घर, सैपाकघर, खिडकीकडची मांडणी, खालनं दुसरी फळी, डावीकडनं तिसरी बरणी." तोवर त्या माउलीने आमच्याकडून मीठ नेलं होतं.

मी जन्मभर बसचा कंडक्टर. त्यामुळे त्याचं काम मला जसं समजलं तसं सांगतो. चुकलं तर दोष माझा. त्याच्यावर माझ्यामुळे एकदा दोष आलेला आहे, म्हणून तर हे लिहायला बसलो. संगणकाला हुकूम सोडायच्या भाषा असतात म्हणे. अशा प्रत्येक भाषेसोबत एक हत्यारांची पेटी मिळते, म्हणजे ज्याने त्याने पान्हे-पक्कड नव्याने घडवायला नको. ती पेटी जगभरातली माणसं मिळून फुकट सांभाळतात. तिच्यात फायलीचा पत्ता वाचणारं एक हत्यार होतं, ते हा पठ्ठ्या आमच्या अंथुर्णे गावात बसून दुरुस्त करत होता. पत्त्यात दोन फोल्डरांच्या मधे एक तिरकी रेघ असते. एका जातीच्या संगणकात ती डावीकडे कलते, दुसऱ्या जातीच्या संगणकात उजवीकडे. या रेघेने त्याला असं पछाडलं होतं की दाराशी टेकवलेली माझी छत्रीसुद्धा तो उचलून दुसऱ्या बाजूला टेकवायचा, थोडा वेळ बघायचा आणि पुन्हा होती तशी ठेवायचा. का, ते मला आजही कळलेलं नाही.

पण खरं भांडण होतं दोन टिंबांचं. पत्त्यात दोन टिंबं आली की एक घर मागे यायचं. म्हणजे 'अमक्या फोल्डरात जा, मग एक घर मागे ये' असं लिहिलं असेल, तर ते हत्यार म्हणायचं, गेला तसा आला, सबब दोन्ही खोडा. हा म्हणायचा, खोडू नका. काही फोल्डर म्हणजे नुसतं दार असतं; आत शिरलात की भलत्याच गल्लीत निघता, आणि तिथून मागे आलात तर पहिल्या जागी येतच नाही. हे पटवायला तो परदेशातल्या लोकांना दोन वर्षं पत्रं लिहीत होता. त्यांच्यातले निम्मे त्याचं ऐकत नव्हते. मला तर दोन्ही बाजू बरोबर वाटायच्या.

त्याच सुमारास त्याला बारामतीचं स्थळ आलं. आपल्याकडे रीत अशी की मुलीचा बाप मुलाच्या घरी जायच्या आधी शेजाऱ्याकडे चौकशी करतो. आम्ही चार म्हातारे शिंप्याच्या दुकानाच्या कट्ट्यावर बसलो होतो, तिथेच मुलीच्या वडिलांनी मला गाठलं.

"पोरगं कसं हाय, आबा?"

"लई गुणी. तोंडात सुपारीचं खांड न्हाय. पण दोन वर्सं झाली, दोन टिंबांवर बसलंय. खोडायची का ठिवायची, ठरंना."

कट्टा हसला. मला चेव आला.

"मग त्याचं मिळतं काय?"

"मिळतंय कुठलं! फुकटच हाय की ते."

कट्टा आणखी हसला. पाव्हण्यांनी चहा घेतला आणि गुरुजींच्या दाराकडे न वळता ते परतीच्या बसला उभे राहिले. पोरगा दिवसभर घरी बसून पुण्याच्या एका कंपनीची चांगल्या पगाराची नोकरी करत होता आणि टिंबांचं काम संध्याकाळी हौसेने करत होता. हे मला माहीत होतं, खुद्द गुरुजींनी सांगितलं होतं. पण ते सांगितलं असतं तर कट्टा हसला नसता.

पुढे वर्षभराने एके दिवशी तो ओट्यावर तोंड पाडून बसला होता. टिंबांचं गाडं कुठेतरी अडलं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी त्याला एका नव्या ड्रायव्हरची गोष्ट सांगितली. आमची एक गाडी फाट्यावरून आत एका वस्तीवर जायची आणि मग पुढच्या गावी. हा ड्रायव्हर म्हणाला, आत जायचं नि मागं यायचं, मग जायचं कशाला? मी नको म्हणत असताना त्याने गाडी सरळ हाणली. पण वस्तीतून परतीची वाट कालव्याच्या पलीकडे निघायची, आणि पुढचं गाव त्याच वाटेवर होतं. अर्ध्या तासाने आम्ही भरल्या कालव्याच्या अलीकडे उभे, गाव समोर, मधे पूल नाही. एक म्हातारी खिडकीतून ओरडली, "आरं मुडद्या, माझं घर दिसतंय की! आता उडी मारू व्हय?"

पोरगा ताडकन उठून आत पळाला. मला वाटलं, माझं काही चुकलं. तीन-चार महिन्यांनी लॅपटॉप घेऊन आला. कालव्याची गोष्ट त्याने त्या परदेशातल्या लोकांना लिहून कळवली होती आणि त्याची दुरुस्ती मंजूर झाली होती. खाली आभारांची इंग्रजी यादी होती, त्यात शेवटून तिसरं नाव माझं. पुढे लिहिलेलं, निवृत्त बस कंडक्टर.

"माझं नाव कशाला रं?"

"गोष्ट कुणाची व्हती?"

दुसऱ्या दिवशी मी बारामतीची बस धरली. मुलीच्या वडिलांना त्याची नोकरी, ती पेटी, टिंबं, कालवा, सगळं क्रमाने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गोंधळून विचारलं, "आवो आबा, तिचं गेल्या सालीच झालं की लगीन. बाळंतपणाला आलीय ती. हे आता कशापाई सांगताय?" आत बाळ रडत होतं. मी म्हणालो, "सांगायचं राहिलं होतं."

परत आलो तर तो लॅपटॉप शेजारी ठेवून ओट्यावरच बसला होता. त्यालाही कट्ट्यावरचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ठावं हाय, आबा. बारामतीच्या पाव्हण्यांनी तवाच फोनवर सांगितलं व्हतं."

म्हणजे ठाऊक असूनही त्याने माझं नाव घातलं होतं. "आता बारामतीला जाऊन तरी काय झालं?" मी म्हणालो. "गेलो तसा आलो."

"असं न्हाय, आबा. गेला आन् आला म्हंजे गेलाच न्हाय, असं धरायचं नसतं. तुमीच सांगितलं न्हवं?"

"मग मी आता आलोय तरी कुठं?"

"कुठून धरून सांगू?"

मी जरा विचार केला. "बारामतीपासनं धर."

त्याने लॅपटॉप उचलून मांडीवर घेतला आणि ओट्यावर मोकळ्या झालेल्या जागेवर हात ठेवला.

"हितं," तो म्हणाला.