नाव मागं, माणूस पुढं

या पृथ्वीतलावर कुठलेही नाव अख्खे वाचता येऊ नये, अशी ज्याची मनापासून इच्छा आहे असा एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझा सख्खा आतेभाऊ आहे. चिखलीला तो लग्नांच्या फिल्मा तयार करतो. काही वर्षांपूर्वी त्याला कॉम्प्युटरवर एक करामत सापडली. चित्रातला माणूस कातरून वेगळा काढायचा, मागचा देखावा तसाच ठेवायचा आणि दोघांच्या मधल्या फटीत अक्षरे सरकवायची. अक्षरे माणसाच्या मागे उभी असल्यासारखी दिसतात. दुसरा एखादा हे एकदा करून चहा प्यायला गेला असता. आमच्या भावाने त्याचा धर्म केला. "नाव पुढं आलं का माणूस झाकला जाते. नाव मागं, माणूस पुढं!" हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतो, अगदी लाइटबिल द्यायला आलेल्यालाही.

त्याच्या दुकानाची पाटी कडुनिंबाच्या मागे आहे. आधी ती झाडाच्या अलीकडे होती. याने खास माणूस लावून ती पलीकडे नेली. गिऱ्हाईक त्याच झाडाच्या सावलीत उभे राहून "दुकान कुठी आहे हो?" म्हणून फोन करते, आणि हा आतून म्हणतो, "तुम्ही झाडाच्या पुढं मस्त दिसून राह्यले, तसेच उभे राहा." एकदा एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची फिल्म आली. पुढारी अंगाने भरघोस. याने नाव मागे सरकवले तर दोन्ही कानांशी एकेक अक्षर तेवढे उरले. कार्यकर्ते तणतणत आले. "साहेबाचं नाव कुठी गेलं बे?"

"साहेबाच्या मागंच आहे. साहेबच एवढे मोठे, त्याले मी काय करू?"

साहेब मोठे नाहीत असे म्हणायची कोणाची छाती नव्हती, त्यामुळे मंडळी आली तशी परत गेली. धामणगाव बढ्याच्या एका शेतकऱ्याने मात्र पोळ्याची फिल्म पाहून त्याला पेढे आणून दिले, कारण बैलाचे नाव दोन शिंगांच्या मधून डोकावत होते. तेव्हापासून "बैलाले समजते ते माणसाले समजत नाही" हे वाक्य आम्हा नातेवाइकांना प्रत्येक जेवणात ऐकावे लागते.

या धर्माचा फटका शेवटी त्यालाच बसला. लोणारला दिलेल्या बहिणीची मुलगी शाळेपासून याच्याकडेच राहून शिकली. तिला सायकल शिकवताना कॅरिअर धरून मागे धावणारा हाच. यंदा तिचे लग्न झाले. आमच्याकडे मंगलाष्टकांच्या वेळी नवरीचा मामा तिच्या मागे उभा राहतो. याने कॅमेरा दुसऱ्याच्या हाती दिला, गुलाबी फेटा बांधला आणि जन्मात पहिल्यांदा चित्रात जाऊन उभा राहिला.

मांडवपरतणीला भाची लोणारला माहेरी आली तेव्हा सारे घर टीव्हीपुढे बसले. मंगलाष्टके सुरू झाली आणि नवरीच्या मागे तिचे नाव सोनेरी अक्षरांत उगवले. नवरी पुढे, नाव मागे आणि नावाच्याही मागे मामा. फेट्याचा तुरा तेवढा वर हलत होता.

"अरे भाऊ, अन् तू कुठी गेला?" बहिणीने विचारले.

"मी अक्षराच्या मागं आहे ना! कॉम्प्युटर नवरीले वळखते, मामाले पडदा समजते."

सगळे हसले. भाची हसली नाही. "मामा, मले तवा मान वळवता येत नव्हती," ती म्हणाली. "तुम्ही रडून राह्यले होते का, हे मले या फिल्ममंदीच दिसणार होतं. अन् तुम्ही त्याच्यावरच माझं नाव ठेवलं."

एरवी पेटीसारखा वाजणारा आमचा भाऊ "दुरुस्त करतो" एवढेच बोलून, चहा न घेताच निघाला.

पण दुरुस्ती सोपी नव्हती. मंडपाचा पडदा गुलाबी, मामाचा फेटाही गुलाबी; कॉम्प्युटर काही केल्या मामाला वेगळा काढेना. मग हा हाताने बसला, एकेका चित्रात स्वतःची कड कोरत. एका दुपारी मी दुकानात डोकावलो तर म्हणाला, "काय तोंड आहे बे हे! लोकायचे मामे रडले का मी कॅमेरा जवळ नेतो. सोताचं पाह्यवत नाही." मी थट्टा करायलाच गेलो होतो, पण त्याची इतकी माया वाटली की थट्टा राहून गेली.

नवी फिल्म लोणारला आणि तिथून भाचीच्या सासरी पोचली. आता नवरी पुढे आणि मामाही पुढे. फेटा कानावर घसरलेला, गाल ओले, ओठ गच्च मिटलेले. दोघांच्या मागे भाचीचे नाव असे झाकले गेले आहे की एक वेलांटी तेवढी दिसते, पण नाव वाचता येत नाही अशी तक्रार कोणी केलेली नाही.

भाचीचा फोन आला तेव्हा मी दुकानातच होतो; फोन स्पीकरवर होता. "म्हणजे रडले होते तुम्ही!"

"छट्! होमाचा धूर गेला होता डोयात."

होम पेटतो मंगलाष्टके आटोपल्यावर. उभा जन्म लग्ने टिपण्यात गेलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल कसे? भाचीलाही ठाऊक होते. ती मग हळूच म्हणाली, "हाव मामा. लय धूर होता."