जास्वंदीच्या छापाची फिरती साडी

लिंबागणेशच्या आमच्या केशरकाकू साडीचा पोत बघत नाहीत, फूल बघतात. दुकानदार रंगाची हमी देत घसा कोरडा करतो आणि ह्या पदर डोळ्यांशी धरून पाकळ्या तपासत बसतात. "पान देठाला चिकटल्यालं हाय का बघ," असं मला सांगतात. मला आजवर कधी कळलेलं नाही.

एका लग्नात त्यांना आहेरात जास्वंदीच्या छापाची मोतिया साडी आली. काकू हरखल्या. पण आमच्याकडे आहेराची साडी कुणी नेसत नाही. घडी न मोडता पुढच्या लग्नात देतात. काकांनीही तेच केलं, तेही न विचारता. काकूंनी महिनाभर अबोला धरला. मग स्वतःचीच समजूत घातली, "घडी मोडली न्हाई तर येईल फिरून." तेव्हापासून त्या एकही लग्न चुकवत नाहीत आणि त्यांना मोटारसायकलवर न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

शेवटी माजलगावच्या लग्नात साडी सापडली. काकूंच्या लेकीच्या सासूला, सत्यभामाबाईंना, ती आहेरात मिळाली होती. विहिणीकडे मागणार कशी? पण मागायची गरजच नव्हती. पुढच्याच महिन्यात नातवाचं जावळ होतं. विहीणबाई काकूंना तीच साडी देणार हे उघड होतं, कारण न बघताच ती पिशवीत कोंबत होत्या. काकूंनी फक्त गप्प बसायचं होतं.

गप्प बसतील त्या काकू कसल्या!

"अवो इहीनबाई, कोंबू नका! ही पाकळी बघा, मदी गडद, कडंला फिकी. अन् पदरावरचं हे फूल बघा. छापताना लाल रंग रेघंच्या भाईर सरकलाय. वारं लागल्यावानी दिसतंय का न्हाई?"

मी कोपराने ढोसत राहिलो. सत्यभामाबाईंनी चष्मा लावला आणि बराच वेळ बघत बसल्या.

जावळाला गेलो तर विहीणबाई दारातच, तीच साडी नेसून! काकूंच्या हाती ठिपक्यांची जांभळी साडी आली. काकूंचा चेहरा पडला आणि मला त्या माउलीचं खरंच वाईट वाटलं.

तेवढ्यात विहीणबाई पदर पुढे करून कुणाला तरी सांगताना ऐकू आल्या, "हे फूल बघा, वारं लागलंय त्याला."

काकू ताडकन उठल्या. "सावलीत काय कळतंय? उनात चला," म्हणत त्यांनी पदर हातात घेतला आणि विहिणीला अंगणात नेलं. बायका गोळा झाल्या. नेसल्या होत्या विहीणबाई, मिरवत होत्या काकू. पंगत बसली तरी दोघी आत येईनात.